उद्या या

झाशीहून ललितपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शहराची वस्ती विरळ होत होत संपली असे वाटते न वाटते तोच कारखान्यांच्या लांबलचक भिंती, खडीने भरलेले ट्रक, टायरांची दुकाने आणि चहाच्या टपऱ्या यांची एक निराळीच वस्ती जेथे सुरू होते, तेथे बिजौली आहे. लोहमार्गावर या गावाच्या नावाचे एक लहानसे स्टेशनही आहे. त्याच्या फलाटासमोरून दिल्ली-मुंबईच्या वेगवान गाड्या, लग्नकार्यात भेटलेल्या श्रीमंत नातेवाइकासारख्या, ओळख न दाखवता निघून जातात. औद्योगिक क्षेत्र म्हणून आखलेल्या या भागात काही कारखाने चालू आहेत, काही बंद आहेत, आणि काहींविषयी त्यांच्या फाटकावर बसलेल्या पहारेकऱ्यालाही खात्रीने काही सांगता येत नाही. वाऱ्याबरोबर दगडाची बारीक भुकटी येते आणि सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येते. माझी आत्या या गावात राहते.

तिच्या सासरचे मूळ पुरुष नेवाळकरांच्या अमदानीत कोकणातून झाशीस आले आणि राज्य गेले तरी परत गेले नाहीत. शहरातला वाडा वाटण्यांत विभागला गेला, मुलाची नोकरी या बाजूला लागली, म्हणून हे बिऱ्हाड बिजौलीला आले. आत्या आमटीत गूळ घालते, संक्रांतीला हलवा करते, आणि रागावली की बुंदेलीत बोलते. मराठीत रागावण्याइतके आता तिच्याजवळ कोणी राहिले नाही, असे ती म्हणते.

तिच्या यजमानांच्या नावे असलेला शेतजमिनीचा एक लहान तुकडा तिच्या नावे चढवावयाचा होता. या क्रियेला तिकडे दाखिल-खारिज म्हणतात. म्हणजे एका इसमाला कागदावर आत घ्यावयाचे आणि दुसऱ्याला कागदावरून बाहेर काढावयाचे. आणि ज्याला बाहेर काढावयाचे तो इसम कित्येक वर्षांपूर्वी इहलोकातूनच बाहेर पडलेला असल्यामुळे हे काम सोपे असावे, अशी माझी भाबडी समजूत होती. त्या भागातल्या एका कचेरीत मी सोमवारी गेलो. दफ्तराच्या कपाटांमागून एका वयस्क कारकुनाने मान वर केली, माझे कागद हातात न घेताच त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहिले, आणि अत्यंत सौम्य, जवळजवळ वत्सल स्वरात मला सांगितले : उद्या या. मंगळवारी त्याने तेच सांगितले. बुधवारी तो जागेवर नव्हता. परंतु त्याच्या शेजारच्या गृहस्थाने, जणू निरोप ठेवून घेतलेला असावा अशा तत्परतेने, तेच सांगितले. या दोन शब्दांचे सामर्थ्य असे की त्यांत नकार नाही. नकार मिळाला असता तर त्यावर अपील करता आले असते, वरिष्ठांकडे दाद मागता आली असती, निदान बाहेर येऊन चारचौघांत संताप तरी करता आला असता. 'उद्या या' म्हणणाऱ्यावर मात्र रागावता येत नाही, कारण तो आपल्याला बोलावीत असतो.

अशा त्या आठवड्यातल्या शुक्रवारी रात्री, जेवणे झाल्यावर, आतेभावाच्या दोन मुलांनी दूरदर्शन संचासमोर मला ओढून बसविले आणि 'स्त्री' नावाचा हिंदी चित्रपट लावला. अमर कौशिक यांचे दिग्दर्शन असलेला हा पहिलाच चित्रपट. तो 31 ऑगस्ट 2018 रोजी प्रदर्शित झाला, आणि राज व डीके या जोडीने लिहिलेली त्याची कथा चंदेरी या गावात घडते. मुलांनी तो इतक्या वेळा पाहिलेला होता की पडद्यावरचे पात्र बोलण्यापूर्वी ती बोलत, आणि भिण्याच्या जागी आधीपासून भिऊन बसत. भयपटाचे असे भक्त होतात, हे मी ऐकून होतो. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आला तेव्हा चित्रपटगृहांत फारशी गर्दी नव्हती, आणि सहा वर्षांनी, 2024 साली, तो पुन्हा लागला तेव्हा लोकांनी पहिल्या खेपेपेक्षा अधिक पैसे मोजून तो पाहिला. परंतु माझ्यासमोर बसलेल्या या दोन भक्तांची वये अकरा आणि आठ होती, आणि त्यांची आजी जपमाळ हातात घेऊन, आपण पाहत नाही असे दाखवीत, दारात बसली होती.

कथा थोडक्यात अशी. चंदेरीत वर्षातून एकदा, उत्सवाच्या चार रात्री, एक स्त्री हिंडते. ती पुरुषांना मागून नावाने हाक मारते. जो वळून पाहतो त्याला घेऊन जाते. आणि मागे रस्त्यावर उरतात ती फक्त त्याची वस्त्रे. म्हणून त्या चार रात्री गावातले पुरुष दिवेलागणीला घरात शिरून कड्या लावतात, आणि आजवर मुलीबाळींना जे जे सांगितले गेले — एकटे जाऊ नको, अंधार पडण्याच्या आत ये, कोणी हाक मारली तर थांबू नको — ते सर्व आता त्यांना सांगण्यात येते. हा विनोद उघड आहे आणि चित्रपटाने तो बऱ्यापैकी संयमाने वापरला आहे. परंतु मला खिळवून ठेवले ते भिंतींनी. गावातल्या घराघराच्या भिंतीवर तांबड्या अक्षरांत त्या स्त्रीला उद्देशून एक ओळ लिहिलेली असते, आणि तिचा आशय एवढाच, की बाई, उद्या ये. ती येते, ओळ वाचते आणि परत जाते. दुसऱ्या रात्री येते, पुन्हा तीच ओळ वाचते, आणि पुन्हा परत जाते. भूत साक्षर आहे, आणि लेखी हुकमाचा मान ठेवते.

मी इतक्या मोठ्याने हसलो की मुले दचकली. त्यांना ती हसण्याची जागा वाटत नव्हती. परंतु चार दिवस कचेरीचे उंबरठे झिजवून आलेल्या माणसाला त्या भिंतीत एका संपूर्ण समाजाने घेतलेला सूड दिसला, तर त्यात माझा काय दोष? ज्या वाक्याने पिढ्यान्‌पिढ्या अर्जदारांना दारातून परत पाठविले, ते वाक्य उचलून या लोकांनी आपल्या दारावर लिहिले आणि मृत्यूलाच अर्जदार करून टाकले. आणि अर्जदारही असा की ज्याने या वाक्यावर खरोखर विश्वास ठेवला. जिवंत माणसाला पहिल्या दोन खेपांतच कळते की हा उद्या पंचांगात नाही. फक्त त्या बिचारीला ते कळत नाही, आणि तिच्या त्या विश्वासावर सारे गाव सुरक्षित झोपते.

ही युक्ती चंदेरीची नव्हे, हे सांगितले पाहिजे. 1990 नंतरच्या दशकात बंगळूरच्या काही वस्त्यांत अशी वार्ता पसरली होती की रात्री एक चेटकीण दार ठोठावते, घरातल्या ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारते, आणि दार उघडणारा जगत नाही. त्यावर उपाय म्हणून लोकांनी दारांवर कानडीत 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असे लिहून ठेवले. चित्रपटकर्त्यांनी ती दंतकथा उचलून बुंदेलखंडाच्या कडेला आणून ठेवली. आपल्याकडेही वाण्याच्या दुकानात 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी टांगलेली असते, आणि ती वाचून परत जाणाऱ्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर जे अर्धवट हसू उमटते त्यात या साऱ्या शास्त्राचे मूळ आहे. फरक एवढाच की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पाटी वाचायला येत नाही.

मात्र चेटकिणीला शहरातून उचलून आडगावात आणण्यात त्यांनी एक शहाणपणा केला, असे मला वाटते. नावाने मारलेल्या हाकेचे भय हे लहान गावाचे भय आहे. मुंबईच्या गर्दीत मागून कोणी आपले नाव घेतले तर ते दुसऱ्या कोणाचे असेल असे समजून आपण चालू लागतो. परंतु जेथे एका नावाचा एकच माणूस असतो, आणि त्याचा बाप, त्याचे कर्ज, त्याची न जुळलेली सोयरीक सर्वांना तोंडपाठ असते, तेथे हाक चुकूच शकत नाही. माझ्या लहानपणी आजी सांगत असे की रात्री बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, दुसऱ्या हाकेलाही देऊ नये. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारील. मुंजा, हडळ, झोटिंग, खवीस, समंध अशी भुतांची जी भलीमोठी जातवारी आपल्या पूर्वजांनी लावून ठेवली, तीत प्रत्येकाचे झाड, वार आणि पथ्य ठरलेले होते, आणि बहुतेकांना गावकूस ओलांडण्याची मुभा नव्हती. तीही एक प्रकारची दफ्तरदारीच.

'पण आमच्या इकडे भुताला परत नाही पाठवत,' आत्या दारातून म्हणाली. तिने जप थांबविल्याचे आम्हांला तेव्हा कळले. 'आमच्या इकडे पहिली पत्रिका त्यालाच जाते.'

ती हरदौलाविषयी बोलत होती. बिजौलीपासून ओरछा फार लांब नाही. तेथल्या जुझारसिंह राजाने आपल्या धाकट्या भावाचा, हरदौलाचा, राणीशी संबंध असल्याचा संशय घेतला आणि राणीच्याच हातून त्याला विष देवविले; राणी निर्दोष होती, हरदौलालाही ठाऊक होते की ताटात विष आहे, आणि वहिनीची लाज राखण्यासाठी तो जेवला, असे बुंदेलखंड मानते. पुढे बहिणीच्या मुलीचे लग्न निघाले. मामाकडचा आहेर आणायला जुझारसिंहाने तिला नकार दिला तेव्हा ती हरदौलाच्या समाधीशी जाऊन रडली, आणि लग्नाच्या दिवशी आहेर आला, पंगतीत वाढप झाले, वाढणारे हात मात्र कोणाला दिसले नाहीत. म्हणून आजही या मुलखात गावोगाव हरदौलाचे चौथरे आहेत, लग्नाचे पहिले आमंत्रण त्या चौथऱ्यावर ठेवतात, आणि कार्य निर्विघ्न पार पाडण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवून मंडळी निर्धास्त जेवतात. 1817 साली गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत पटकी उद्भवली तेव्हा लोकांनी तिचे कारण हरदौलाच्या राईत गोमांस खाल्ल्याचे सांगितले, अशी नोंद स्लीमन या इंग्रज अंमलदाराने करून ठेवली आहे. आत्याला स्लीमन ठाऊक नाही. तिला एवढेच ठाऊक आहे की तिच्या सुनेच्या लग्नात पाऊस मांडवाच्या चारी बाजूंनी पडला आणि मांडवात पडला नाही.

रविवारी कचेरी बंद, म्हणून मी चंदेरीला गेलो. बिजौलीहून पॅसेंजर गाडीने ललितपूर, आणि तेथून बसने बेतवा ओलांडून पलीकडे. अंतर फारसे नाही. परंतु रेल्वे या गावाला टाळून गेली आणि एकेकाळी माळवा व बुंदेलखंड यांच्या वाटेवर पहारा देणारे हे ठिकाण बाजूला पडले, ही गोष्ट बसमधून उतरताच अंगाला जाणवते. डोंगरावर किल्ला आहे. जानेवारी 1528 मध्ये बाबराने तो मेदिनीरायाकडून घेतला, तेव्हा आतल्या स्त्रियांनी जोहार केला; किल्ल्याच्या एका दरवाजाला आजही खूनी दरवाजा म्हणतात. गावाच्या दक्षिणेला कटी घाटी आहे; 1490 साली माळव्याच्या सुलतानाच्या स्वागतासाठी डोंगर कापून काढलेली ही वाट. ती कापणाऱ्या कारागिराने वाटेला फाटक बसविले नाही या सबबीवर त्याचा मेहनताना रोखण्यात आला आणि त्याने तेथेच जीव दिला, अशी आख्यायिका सांगतात. ती ऐकून मला त्या कारकुनाची आठवण झाली, हे कबूल केलेले बरे.

आणि गावात बादल महाल दरवाजा आहे. पंधराव्या शतकातली ही उंच, सडपातळ कमान दोन गोल बुरुजांच्या मध्ये उभी आहे, तिच्या माथ्याजवळ दगडी जाळीकाम आहे, आणि तिच्यातून आत गेल्यावर महाल नाही. हिरवळ आहे, एक बाक आहे, त्यावर एक कुटुंब डबा उघडून जेवत होते. काहीही न राखणारे हे द्वार मी बराच वेळ पाहत बसलो. भयपटाला नेपथ्य म्हणून यापरते काय हवे. परंतु त्या कुटुंबातल्या लहान मुलीने मला एक पुरी देऊ केली आणि भयाचा तो सगळा डोलारा कोसळला.

चंदेरीचे खरे रहस्य तिच्या गल्ल्यांत, घराघरांतून ऐकू येणाऱ्या मागाच्या खटखटीत आहे. एका विणकराच्या घरी मी तासभर बसलो. त्याने साडीचा पदर हातावर पसरून उजेडाकडे धरला, तेव्हा कापडातून मला त्याची पाचही बोटे दिसली. नखावरचा हळदीचा डागसुद्धा. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. आणि रेशमावरचा नैसर्गिक डिंक मुद्दाम तसाच ठेवल्यामुळे त्या कापडाला लसणीच्या सालीसारखी जी किंचित ताठ, काचेरी झाक येते ती डिंक काढून टाकलेल्या रेशमाला येत नाही, हे त्याने मला समजावून सांगितले. त्याच्या बोटांत आणि कापडात जेवढे अंतर होते तेवढेच माणसात आणि वाऱ्यात असते, असे क्षणभर वाटले. शिंद्यांच्या, होळकरांच्या, गायकवाडांच्या घराण्यांतल्या स्त्रिया ही लुगडी नेसत; आत्याच्या ट्रंकेत तिच्या सासूचे एक आहे, घडीवर विरलेले.

तेथे बसलो असताना मला चित्रपटातली एक गोष्ट नव्याने उमगली. त्याचा नायक शिंपी आहे. टेप न लावता नुसत्या नजरेने तो बायकांची मापे घेतो. आणि जी येते ती माणूस नेते व कपडे टाकून जाते. विणकरांच्या गावात हाच शेवट शोभतो : जे गावाने घातले होते ते तिने गावाला परत केले. लेखकांनी हे योजून केले की त्यांच्या हातून घडून गेले, याची चौकशी मी करणार नाही. 'स्त्री'चा उत्तरार्ध मला सैल वाटतो, आणि 2024 च्या ऑगस्टात आलेल्या दुसऱ्या भागात मुंडके नसलेला एक राक्षस आणून त्यांनी इतका गोंगाट केला आहे की भिंतीवरची ती शांत, लबाड ओळ त्यात ऐकूच येत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी मात्र भिंतीवरचा मजकूर बदलतो. उद्या ये असे सांगण्याऐवजी गाव तिला रक्षण कर असे विनवते. म्हणजे चंदेरीही अखेर हरदौलाच्याच मार्गाने गेली.

भयाशेजारी हसू बसविण्याचा हा प्रकार हिंदी चित्रपटांना नवा असेल. झाशीच्या मराठी माणसाला तो नवा नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळविण्याच्या हेतूने उत्तरेकडे निघाले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. ब्रिगेडियर स्टुअर्टच्या पलटणींनी 17 मार्च 1858 रोजी चंदेरी घेतली; त्यानंतर आठवडाही पुरता उलटला नाही तो झाशीला वेढा पडला होता, आणि भटजी आत होते. शहर पडल्यावर जे झाले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले — लपलेली माणसे, जळणारी घरे, गल्लीगल्लीतली प्रेते — आणि ते सांगताना त्यांच्या लेखणीने काही लपविले नाही. परंतु याच माणसाला त्या प्रलयात आपल्या गाठीच्या पैशांची चिंताही लागून राहिली होती. ते लुटले गेले, पुन्हा मिळाले, पुन्हा गेले. आणि अखेर गंगेची कावड तेवढी खांद्यावर घेऊन तो घरी पोचला. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली छापला. त्या पुस्तकात मी जितका भ्यालो तितका कोणत्याही भयपटात भ्यालो नाही, आणि हसलोही तेथेच अधिक. तोफांपुढे दारावर काय लिहावे हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते.

रात्री बिजौलीला परतलो तेव्हा वीज गेलेली होती. फाटकाजवळ दोन्ही मुले हातात मेणबत्ती आणि गेरूची वाटी घेऊन उभी होती. भिंतीवर मोठ्या, किंचित उतरत्या अक्षरांत त्यांनी ती ओळ हिंदीत लिहिली होती, परंतु लिहिताना जागा पुरली नाही म्हणून बाईला उद्देशून असलेला शब्द गाळला होता. नुसतेच 'उद्या या' उरले होते. वहिनी रागावल्या, आत्या म्हणाली, 'राहू दे ग, पावसात जाईल धुऊन.' पाऊस आला नाही.

सकाळी सहाला सायकलची घंटा वाजली आणि थांबली. मी खिडकीतून पाहिले. दूधवाला, एक पाय जमिनीवर टेकून, भिंतीवरचा मजकूर लक्षपूर्वक वाचत होता. त्याने तो एकदा वाचला, पुन्हा वाचला, किटल्यांकडे पाहिले, घराकडे पाहिले, आणि कोणाला हाक न मारता सायकल वळवून निघून गेला.

त्या दिवशी आम्ही बिनदुधाचा चहा घेतला, आणि कागद घेऊन मी पुन्हा कचेरीत गेलो.